मॉर्फिनची धास्ती आणि ट्रामाडॉलची खिरापत : डॉक्टर मंडळींना खुले पत्र

सन्माननीय डॉक्टर मंडळी,

सप्रेम नमस्कार. फॅमिली डॉक्टर, हाडांचे डॉक्टर, सर्जन, थोडक्यात ज्यांच्या सहीची दुखण्याची चिठ्ठी माझ्या काउंटरवर येते त्या सगळ्यांना हे पत्र आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मेडिकल चालवते. नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे, आणि सर्टिफिकेट भिंतीवर टांगून काउंटरवर भलत्यालाच उभं करण्यातली नाही. शटर उघडल्यापासून मीच असते. ‘डॉक्टरांकडं लई गर्दी होती, विचारायचं राहून गेलं’ असं म्हणत पेशंट उरलेले प्रश्न माझ्याकडे घेऊन येतात. त्यातले बरेचसे दुखण्याच्या गोळ्यांबद्दल असतात.

माझं म्हणणं एकच आहे. ओपिऑइड वर्गातल्या, म्हणजे अफूच्या जातीच्या, वेदनाशामकांची भीती आपण सगळ्यांनी मिळून चुकीच्या औषधाला लावून ठेवली आहे. मॉर्फिनचं नाव निघालं की चेहरे बदलतात आणि पेन खिशात जातं. ट्रामाडॉल मात्र कंबर, गुडघा, दाढ, अंगदुखी, कशावरही खिरापतीसारखं वाटलं जातं. ज्याला मॉर्फिन हवं त्याला ते मिळत नाही, आणि ज्याला ट्रामाडॉलची गरज नाही त्याच्या पिशवीत दोन स्ट्रिपा असतात.

२०१४ च्या मार्चपासून शेड्यूल एच-वन, म्हणजे ज्यांच्या विक्रीची खास नोंद ठेवायची अशा औषधांची यादी, लागू झालं. त्यासाठी आम्हाला वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं : डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. तीन वर्षं ते जपायचं. ड्रग इन्स्पेक्टर आले की हेच रजिस्टर मागतात आणि रकाने भरलेत का ते बघतात. मी त्यातली नावं बघते. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की बीडकडची नावं वाढतात. ऊसतोडीला आलेली माणसं, पहाटेपासून वाकून काम, वर मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉली भरायची. कंबर जाणारच. चिठ्ठीवर ट्रामाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ ची जोडगोळी, पाच दिवसांसाठी. सहाव्या दिवशी तीच चिठ्ठी, घडीवर फाटत आलेली, पुन्हा माझ्या समोर. मी नाही म्हटलं तर पुढच्या चौकात मिळतेच.

तोडीवरचा एक पोरगा मला म्हणाला होता, ‘ताई, ती गोळी घेतली की कोयता हलका लागतो.’ हे वाक्य मी डोक्यातून काढू शकले नाही, कारण कंबरेचा त्यात उल्लेखही नव्हता. गोळी त्याचं दुखणं थांबवत नव्हती, त्याचा दिवस ओढत होती. हंगाम संपून पट्टा पडला की तो गावी जाणार, गोळी बंद होणार, आणि मग अंग मोडून येणं, नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, रात्रभर तळमळ. त्याला वाटणार ताप आला. तिथले डॉक्टर सलाईन लावतील. ओपिऑइड अचानक तोडल्याची ही लक्षणं आहेत हे त्याला कोण सांगणार? त्याला तर आपण काय खात होतो तेच ठाऊक नाही. ‘पॉवरची गोळी’ एवढंच माहीत.

आता औषधांकडे वळते. ट्रामाडॉल सौम्य, हा आपला पक्का समज. १९७७ साली पश्चिम जर्मनीत ते बाजारात आलं आणि आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ करारांच्या याद्यांबाहेर राहिलं. आपल्याकडेही एप्रिल २०१८ पर्यंत ते अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली नव्हतं. कायद्याने उशिरा दखल घेतली एवढ्यावरून औषध सौम्य ठरत नाही. थोडं गणित मांडते, तुम्हाला नवीन नसेल, पण चिठ्ठी लिहिताना ते आठवत नसावं अशी मला शंका आहे. तोंडावाटे १०० मिलिग्रॅम ट्रामाडॉल म्हणजे ढोबळमानाने १० मिलिग्रॅम मॉर्फिन. काही तक्ते २० धरतात. ट्रामाडॉलची दिवसाची कमाल मात्रा ४००. म्हणजे पूर्ण मात्रेवरचा पेशंट रोज किमान ४० मिलिग्रॅम मॉर्फिनइतकं ओपिऑइड घेतो. कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन सुरू करताना दर चार तासांनी ५ ते १० मिलिग्रॅम देतात, म्हणजे दिवसाला ३० ते ६०. ‘सौम्य’ औषधाची शेवटची पायरी आणि ‘जहाल’ औषधाची पहिली पायरी एकाच उंचीवर आहे. एका पायरीवर आपण बेफिकीर चढतो, दुसरीकडे बघायलाही घाबरतो.

शिवाय मॉर्फिनमध्ये नसलेले उपद्व्याप ट्रामाडॉलमध्ये आहेत. ते मेंदूतल्या सिरोटोनिन आणि नॉरॲड्रिनॅलिनशीही खेळतं. त्यामुळे मात्रा वाढली, किंवा ज्याला आधीच फिट येते त्याने घेतलं, तर झटके येऊ शकतात. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी नैराश्यावरचं एस्सिटालोप्राम चालू केलेल्या बाईला हाडांच्या डॉक्टरांनी ट्रामाडॉल दिलं, तर हातपाय थरथरणं, घाम, ताप, गोंधळलेपण अशी सिरोटोनिन जास्त झाल्याची लक्षणं दिसू शकतात. त्या दोन चिठ्ठ्या एकमेकींना कधी भेटत नाहीत. भेटल्याच तर माझ्या काउंटरवर. डायबेटिसवाल्यांची साखर खाली जाण्याचाही धोका आहे. पंचाहत्तरीपुढच्यांना कमाल मात्रा ३०० सांगितलेली आहे, पण वयाचा रकाना बघून स्ट्रिपा कमी केलेली चिठ्ठी क्वचितच दिसते.

अजून एक. ट्रामाडॉल आणि कोडीन ही दोन्ही औषधं यकृतातल्या एका एन्झाइमवर अवलंबून असतात. तो एन्झाइम त्यांचं जास्त जोरदार रूप तयार करतो. काहींच्यात तो जवळपास कामच करत नाही, त्यांना गोळीचा गुणच येत नाही. काहींच्यात तो अतिवेगाने चालतो, आणि नेहमीची मात्रासुद्धा जड पडते. कोण कुठल्या जातकुळीचा हे तोंड बघून कळत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना ही दोन्ही औषधं देऊ नयेत असं बजावलं. आपल्याकडे कोडीनची खोकल्याची बाटली अजूनही घरातल्या सगळ्यांना एकाच चमच्याने दिली जाते.

ट्रामाडॉलवर कायद्याचा लगाम आला तेव्हा वाटलं, आता जरा बरं होईल. झालं असं की चिठ्ठीवरचं नाव बदललं. टॅपेन्टाडॉल आलं. औषध म्हणून ते ट्रामाडॉलपेक्षा काही बाबतींत सरळ आहे : यकृताच्या त्या एन्झाइमचा त्याला फारसा आधार लागत नाही, सिरोटोनिनची भानगड कमी. पण ताकद जास्त. १०० मिलिग्रॅम म्हणजे साधारण ४० मिलिग्रॅम मॉर्फिन. श्वास मंदावणं, सवय लागणं, बद्धकोष्ठ, सगळं त्यातही आहे. चिठ्ठीवर ‘ट्रामाडॉल चालत नव्हतं म्हणून टॅपेन्टाडॉल’ असा बदल होतो तेव्हा पेशंटला वाटतं कंपनी बदलली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने बाहेर काढलेलं प्रकरण तुम्ही वाचलंच असेल : आपल्याच मुंबईची एक कंपनी टॅपेन्टाडॉल आणि स्नायू सैल करणारं कॅरिसोप्रोडॉल यांचं, जगात कुठेही मान्यता नसलेलं मिश्रण गोळ्यांत भरून घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टला पाठवत होती. तिथल्या गल्ल्यांत पोरं ती चघळत होती. बातमीनंतर धाड पडली, परवानग्या काढून घेतल्या गेल्या. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ते दोन दिवस चाललं. टॅपेन्टाडॉल नावाचं औषध आपल्या गावातही मिळतं, याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

तुमची बाजूही मला दिसते. म्हाताऱ्या माणसाला डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक महिनोन्महिने द्यायचं तर किडनी जाते, पोटात रक्तस्राव होतो, बीपी वाढतं. या गोळ्या आमच्याकडे चिठ्ठीशिवाय शेंगदाण्यासारख्या खपतात, आणि त्याचं पाप आमच्या धंद्याच्या माथी आहे. त्यापासून वाचवायला म्हणून तुम्ही ओपिऑइडकडे वळता. हेतू चांगला. पण जुनाट कंबरदुखी आणि गुडघेदुखीत ओपिऑइड पुरतं का? अमेरिकेत २४० माजी सैनिकांवर वर्षभर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले : जुनाट पाठदुखी, खुबा आणि गुडघा यांच्या दुखण्यात ओपिऑइड गट कामकाजाच्या बाबतीत साध्या औषधांच्या गटापेक्षा पुढे नव्हता, दुष्परिणाम मात्र जास्त होते. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातली चाचणी आली, ताज्या कंबरदुखी-मानदुखीत ऑक्सिकोडोन हे ओपिऑइड दिलं. बनावट गोळीपेक्षा काही फायदा दिसला नाही. ज्या दुखण्यासाठी माझ्या रजिस्टरची पानं भरतात, नेमक्या त्याच दुखण्यात हे औषध थिटं पडतं.

आता पॅच. गेल्या काही वर्षांत बुप्रिनॉर्फिन या ओपिऑइडचे, कातडीवर चिकटवायचे सात दिवसांचे पॅच तालुक्यापर्यंत पोचलेत. म्हाताऱ्यांच्या गुडघ्या-मणक्यासाठी तुम्ही लिहिता. औषध म्हणून मला त्याबद्दल आदर आहे. शरीरात मॉर्फिन ज्या जागेवर बसून काम करतं तिथे ते अर्धवटच काम करतं, त्यामुळे एका मर्यादेपुढे श्वास दाबण्याची त्याची ताकद वाढत नाही. किडनी बिघडलेल्यांनाही चालतं. पण ही मर्यादा ते एकटं असेपर्यंतच. सोबतीला झोपेची गोळी आली की हिशेब बदलतो.

आमच्या पेठेतल्या एका आजींना मोठ्या गावातल्या डॉक्टरांनी पॅच लावला. पाय जळतात म्हणून आधीपासून रात्री प्रेगाबालिन चालू होतं. झोप येत नाही म्हणून तिसऱ्याच डॉक्टरांनी अल्प्राझोलाम दिलेलं. थंडीचे दिवस, सुनेने प्रेमाने कंबरेला गरम पाण्याची पिशवी लावली, पॅच नेमका कंबरेच्या वर. दुपारी सून धावत दुकानात आली : ‘आत्या उठतच नाहीत, हाक मारली की डोळे उघडतात नि परत झोपतात.’ मी गेले. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. श्वास इतका संथ की छातीकडे बघत मोजत बसावं लागलं. पॅच काढला, कागदाने जागा पुसली, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथे नॅलोक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा असर उलटवणारं औषध, नव्हतं. ऑक्सिजन लावला, सलाईन, वाट बघणं. संध्याकाळपर्यंत आजी शुद्धीवर आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते चहाबद्दल. नशीब.

यात कुठल्याही एका डॉक्टरची चूक काढायला मी बसलेली नाही. तिन्ही चिठ्ठ्या वेगवेगळ्या बघितल्या तर बरोबर होत्या. पण पॅचच्या पाकिटात इंग्रजीत बारीक अक्षरात छापलेलं आहे की उष्णतेने औषध कातडीतून जास्त वेगाने शोषलं जातं. शेक, गरम गादी, उन्हात पाठ करून बसणं, अंगात भरलेला ताप, सगळंच धोक्याचं. हे मराठीत, तोंडी, सुनेला कोण सांगणार होतं? फेंटानिलच्या पॅचला तर हे दुप्पट लागू, कारण तिथे मर्यादेचा अडसर नाही. ताशी २५ मायक्रोग्रॅमचा एक फेंटानिल पॅच दिवसाला साधारण ६० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या बरोबरीचा. तीन दिवस लावून काढल्यावरही त्यात औषध उरतं; चिकट बाजू आत दुमडून, मुलांच्या हाती लागणार नाही असं टाकावं लागतं. फेकलेला पॅच चिकटून किंवा तोंडात जाऊन लहान मुलं दगावल्याच्या नोंदी परदेशात आहेत. ज्या पेशंटने आधी कधी ओपिऑइड घेतलेलं नाही त्याला थेट फेंटानिल पॅच लावणं तर मुळातच चूक. तरीही शहरातून डिस्चार्ज होऊन आलेल्या कागदांवर ते दिसतं.

बाकीच्यांबद्दल दोन-दोन शब्दांत. पेन्टाझोसिनचं इंजेक्शन गावोगावी अजून ठोकलं जातं. भास होतात, वारंवार टोचलेल्या जागी मांस दगडासारखं घट्ट होतं, आणि मॉर्फिन चालू असलेल्या पेशंटला दिलं तर दुखणं उसळून विथड्रॉअल, म्हणजे ओपिऑइड अचानक तोडल्याची लक्षणं, येतात. पेथिडिनचा एक टाकाऊ घटक अंगात साचून फिट येते, किडनी मंद असेल तर लवकर. दोन्हींची गरज आता फारशी उरलेली नाही.

राहिलं मॉर्फिन. कथा-सिनेमांत ते शेवटच्या अंकात येतं, आणि नातेवाईकांच्या डोक्यात तेच बसलंय : मॉर्फिन दिलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. तुमच्यातल्याही अनेकांना तसं वाटतं, हे मी जवळून पाहिलंय. मात्र सगळ्या ओपिऑइडमध्ये ज्याची वागणूक आपल्याला सगळ्यात नीट माहीत आहे, असं औषध हेच. तोंडाने द्यायचं, ठरलेल्या वेळी, थोडं देऊन बघायचं, दुखणं उरलं तर वाढवायचं. बद्धकोष्ठ होणारच आणि ते सवयीने जात नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून रेचक. मळमळ दोन-चार दिवसांत कमी होते. किडनी खराब असेल तर त्याचे घटक साचतात, तेव्हा जपून, किंवा दुसरं औषध. श्वास मंदावण्याआधी पेंग येते, म्हणजे इशारा मिळतो. मेथाडोन या दुसऱ्या ओपिऑइडचं तसं नाही. त्याचा अंगातला मुक्काम माणसागणिक बदलतो, दुखण्यावरचा परिणाम आधी ओसरतो आणि औषध मात्र साचत राहतं, वर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याची भीती. ते जाणत्याच्याच हातात शोभतं. ऑक्सिकोडोन मॉर्फिनच्या दीडपट, महागही. मॉर्फिनची गोळी मात्र काही रुपयांची.

आणि कच्चा माल आपलाच. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते. परदेशातल्या मॉर्फिनसाठी भारताची अफू गेली, पण आपल्या माणसाला मॉर्फिन पुरलं नाही. १९८५ साली एनडीपीएस कायदा झाला. शिक्षा कडक, परवाने अनेक, प्रत्येकाची मुदत वेगळी. एक हाती येईपर्यंत दुसरा संपलेला. दवाखान्यांनी आणि दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. १९९७ पर्यंत देशातला वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. भारतातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटांची काळजी घेणारं घर, वांद्र्याचं शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये, म्हणजे कायद्याच्या पुढच्याच वर्षी, आपल्या मुंबईत सुरू झालं होतं, हे लक्षात घेतलं तर हळहळ वाटते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये मोजलं तेव्हा भारतात गरजेच्या जेमतेम ४ टक्के ओपिऑइड पोचत होतं. अमेरिकेत गरजेच्या तीस पटींहून जास्त.

यातून नशेखोरी वाढेल ही भीती केरळात तपासली गेली. कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षांत तोंडाने मॉर्फिन दिलेल्या १,७२३ पेशंटांची नोंद २००१ मध्ये लॅन्सेटमध्ये दिली. बहुतेक पेशंट घरी राहणारे, गोळ्या घरच्यांच्या हाती. औषध बाहेर गेल्याचं किंवा गैरवापराचं एकही उदाहरण सापडलं नाही. उलट २०१९ च्या एम्सच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातले जवळपास एक टक्का लोक औषधी ओपिऑइडची नशा करताना दिसले. एवढी मॉर्फिनची गोळी देशात मिळतच नाही. मग ते काय खातात? दुकानांतून सहज सुटणारं.

गेल्या पावसाळ्यात एक माणूस आला, वडिलांना जबड्याचा कॅन्सर, आयुष्यभराची तंबाखू. शहरातल्या एका दवाखान्याने ‘आता घरी न्या’ सांगून ट्रामाडॉल लिहून दिलेलं. ते चारशेवर पोचलं होतं. म्हातारा उशी तोंडावर दाबून धरायचा, म्हणजे ओरडणं शेजारी जाऊ नये. मुलगा विचारत होता, ‘ताई, याच्याहून भारी काही?’ भारी होतं, आणि ते कित्येक दशकांपासून औषधांच्या पुस्तकात छापलेलं आहे. माझ्याकडे नव्हतं. जवळपास कुणाकडेच नव्हतं. तो एसटीने मुंबईला गेला, फाइल घेऊन, पेशंटशिवाय, दिवसभर रांगेत थांबला आणि मॉर्फिनच्या गोळ्या घेऊन आला. त्या रात्री वडील झोपले. पुढच्या महिन्यात पुन्हा मुंबई. दोन खाडे, दोन दिवसांची मजुरी, तिकीट, सगळं मिळून गोळ्यांच्या किमतीच्या कितीतरी पट.

आणि हे आता कायद्यामुळे अडत नाही, हे मला ठासून सांगायचंय. २०१४ मध्ये कायदा बदलला, मे २०१५ मध्ये नियम आले. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक अमली औषधं’ ठरली आणि परवान्यांचं जंजाळ गेलं. राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेली वैद्यकीय संस्था ती ठेवू शकते, देऊ शकते. त्यासाठी वेदनाशमन आणि पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा, नोंदी नीट हव्यात. दार उघडं आहे, आत जायला अर्ज करावा लागतो, एवढंच. तुमच्यापैकी किती जणांनी तो केला?

कुणी म्हणेल, ही बाई मॉर्फिनची जाहिरात करतेय. अमेरिकेचं विसरलेली नाही मी. १९८० साली एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं : दवाखान्यात भरती असताना ओपिऑइड दिलेल्या हजारो पेशंटांत व्यसन फार थोड्यांना लागलं. भरती असतानाची गोष्ट. वर्षानुवर्षं त्याचा दाखला घरी नेऊन महिनोन्महिने खायच्या गोळ्यांना दिला गेला. १९९६ मध्ये ऑक्सिकोडोनची लांब काळ टिकणारी गोळी आली, कंपनीचे प्रतिनिधी दारोदार फिरले, कंबरदुखीवर, संधिवातावर ती लिहिली गेली. २००७ मध्ये कंपनीने धोका कमी दाखवल्याचा गुन्हा कबूल केला, तोवर गावंच्या गावं गेली होती. लोक गोळीवरून हेरॉइनवर आणि तिथून बेकायदा फेंटानिलवर गेले. हे सगळं घडलं ते जुनाट, जीव न घेणाऱ्या दुखण्यांवर ओपिऑइड वाटल्यामुळे, धोका लपवून वाटल्यामुळे. कॅन्सरच्या म्हाताऱ्याला मॉर्फिन दिल्यामुळे नव्हे. मला अमेरिकेचं भय वाटतं ते मॉर्फिनकडे बघून नाही, माझ्या एच-वन रजिस्टरकडे बघून.

म्हणून काही मागणं आहे. चिठ्ठीवर ओपिऑइड लिहिताना दिवस लिहा, आणि पुन्हा द्यायचं नसेल तर तसंही लिहा. माझं नाही म्हणणं मग सोपं जातं. ‘झोपेची गोळी चालू आहे का, फिटचा त्रास आहे का, दारू किती’ हे तीन प्रश्न विचारा. प्रेगाबालिन आणि गॅबापेन्टिन झोपेच्या गोळ्यांइतकीच श्वास दाबणारी जोड होऊ शकतात, विशेषतः म्हाताऱ्यांत आणि दमेकऱ्यांत, हे मनात असू द्या. महिन्याहून जास्त चाललेली गोळी एकदम बंद करू नका, पायरीपायरीने उतरवा आणि पेशंटला तसं कागदावर लिहून द्या. पेशंटला सांगा की ही ओपिऑइड आहे. त्याला शब्द कळला नाही तर ‘अफूच्या जातीची’ म्हणा, तो लगेच समजतो, आणि गोळ्या शेजाऱ्याला वाटत बसत नाही. ज्या दवाखान्यात पॅच लिहिले जातात तिथे नॅलोक्सोनची इंजेक्शनं असू द्या. ती महाग नाहीत. बुप्रिनॉर्फिनला ती जास्त मात्रेत लागतात, हेही ठाऊक असलेला माणूस तिथे हवा.

आणि तुमच्यापैकी ज्यांच्याकडे कॅन्सरचे पेशंट येतात, त्यांनी जिल्ह्यात निदान एक जागा उभी करा, जिथे मॉर्फिन मिळेल. सरकारी रुग्णालय असो, ट्रस्टचं असो, दहा खाटांचं असो. प्रशिक्षणाला एका डॉक्टरने जायचं आहे, मान्यतेचा अर्ज मुंबईला अन्न व औषध प्रशासनाकडे करायचा आहे. रजिस्टर कसं ठेवायचं, साठा कसा मोजायचा, कुलूप कुणाकडे, याची चिंता असेल तर आमच्यासारख्यांना बोलवा. रोज तेच करतो. आमच्या संघटनेच्या बैठकीत मी हा विषय काढला आहे आणि चिठ्ठीशिवाय ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल देणाऱ्या आमच्याच लोकांशी माझं वाजलेलंही आहे. ते भांडण आमचं आम्ही बघू.

तुमच्यापैकी कुणाची संस्था मान्यताप्राप्त असेल आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या पेशंटांना मॉर्फिन देत असेल, तर नाव, ओपीडीचे वार आणि येताना कुठले कागद आणायचे एवढं माझ्यासारख्या मेडिकलवाल्यांना कळवा. मी ते मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून काउंटरच्या काचेवर आतून चिकटवते, पंचकर्म-मसाजाची जाहिरात काढून.

कळावे,
आपली,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट, सोलापूर जिल्हा